न झालेल्या जखमेचा वण

९ जानेवारी

ताई आली, आणि आल्या आल्या तिने माझ्या घराची कवायत घेतली. चपला एका रांगेत, पडदे सरळ, स्वयंपाकघरातल्या बरण्या उंचीप्रमाणे. आयुष्यभर शाळेत खेळ शिकवून ती निवृत्त झाली, पण शाळा तिच्यातून निवृत्त व्हायला वेळ लागेल. मुली तिला माघारी 'शिट्टीबाई' म्हणायच्या. तिला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

खाली चष्म्यांचं दुकान, वर घर. नवरा गेला, मग लेक शिकायला हॉस्टेलवर गेली, तेव्हापासून मी या घरात फक्त भांड्यांशी बोलत होते. आई वारली तेव्हा मी पहिलीत होते आणि ताई कॉलेजात. माझ्या वेण्या, माझे डबे, माझ्या शाळेतली भांडणं सगळं तिने निभावलं. त्यापायी लग्नाचं राहून गेलं की तिने राहू दिलं, हे मी कधी विचारलं नाही. आता तिने बसायचं आणि मी करायचं, असं मी तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, बघू.

हे लिहायला बसवलं तेही तिनेच. रोज चार ओळी लिहिल्या की डोकं झाडून निघतं म्हणते.

१४ जानेवारी

ताईचा चष्मा बघून मला लाज वाटली. बहीण चष्मेवाली, आणि हिच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. खाली दुकानात नेऊन बसवलं आणि नीट तपासलं.

नाकाच्या उजव्या बाजूला, अगदी डोळ्याच्या कोपऱ्याशी, एक फिकट डाग आहे. मेणाचा थेंब पडून थिजावा तसा गुळगुळीत. दुखत नाही, खाजत नाही, रंगही काळाबिळा नाही. केव्हापासून आहे, तर म्हणे असेल वर्षभर, जास्तही असेल. मी बोट ठेवताच ओळखलं. पॅडचा वण. नाकावर टेकणारे ते दोन छोटे पॅड कडक झाले की कातडीला घट्टे पडतात. रोज अशी नाकं बघते मी.

ताईच्या अंगावर वणांची कमी नाही, आणि प्रत्येकाची गोष्ट ती रंगवून सांगते. गुडघ्यावरचा अडथळ्यांच्या शर्यतीतला. हनुवटीवरचा लांब उडीच्या खड्ड्यातला. कोपरावरचा माझा, मला सायकल शिकवताना मीच तिच्या अंगावर घातली होती. नाकावरच्याची गोष्ट मात्र तिला आठवेना, म्हणून मीच सांगितली. हा चष्म्याचा.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. इतकी वर्षं तिच्याकडून घेतलं, आणि आता तिचं एक दुखणं असं निघालं की ज्यावर माझ्या हातातली पक्कड चालते.

२ फेब्रुवारी

ताईचा नवा चष्मा तयार. सगळ्यात हलकी फ्रेम आणि मऊ सिलिकॉनचे पॅड. घालून आरशात बघितलं तिने आणि म्हणाली, नाकावर काही आहे असं वाटतच नाही. दिवसभर मी हवेत होते.

२० फेब्रुवारी

ताईला तिच्या शाळेने खेळांच्या दिवशी पंच म्हणून बोलावलं होतं. शेवटच्या रेषेवर तिचा डोळा म्हणजे शेवटचा शब्द, अशी तिची ख्याती. घरी आली ती थेट चपला रांगेत लावायला बसली. हळूहळू कळलं, की एका शर्यतीत दोन मुली बरोबरीत आल्या असं तिने सांगितलं, आणि बाकी सगळे म्हणत होते, बाई, एक मुलगी हातभर पुढे होती. तरुण सरांनी मोबाइलवर काढलेलं चित्रण दाखवलं. होती पुढे.

मी म्हटलं, तुझं मन मऊ झालंय, कुणाला हरवायला नको वाटतं तुला. ती हसली नाही.

५ मार्च

डाग तसाच. जरा पसरलाय का? प्रकाश वेगळा असेल. उजव्या डोळ्यातून पाणी येतं अधूनमधून, धूळ म्हणते. रस्त्याचं काम चाललंय, धूळ आहे खरी.

मी हार मानणार नाही. दुसरी फ्रेम घेतलीय कामाला. हिला पॅडच नाहीत, नाकावर सपाट बसते. ती गरम करून ताईच्या नाकाच्या उताराप्रमाणे वाकवायला दुपार गेली. इतक्या प्रेमाने मी कुठल्याच गिऱ्हाइकाचा चष्मा वाकवलेला नाही.

हल्ली टीव्ही बघताना ताई एक डोळा मिटून बसते, नेमबाजासारखी. मी चिडवलं, कुणाला टिपतेस? म्हणाली, त्या बातम्या देणाऱ्याला.

२२ मार्च

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे ताईला नेलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? मी पॅडचं सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही तर यातल्या जाणकार. मलम लिहून दिलं. मी ताठ मानेने घरी आले.

३ एप्रिल

मलमाने काही नाही. चष्मा पुन्हा डबीत, डबी फ्रिजवर. ताईला मी म्हटलं, अगं घालत जा, सवय व्हायला हवी. म्हणाली, घालते की. पेपर मात्र हात लांब करून वाचत होती.

१६ एप्रिल

आज तिसरी फ्रेम दिली. तिने ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि घातली नाही. टेबलावर ठेवून मला समोर बसवलं, शाळेत एखाद्या मुलीला बसवावं तसं.

"बारके, ऐक. मी चष्मा घालतच नाही गं. तू खाली गेलीस की काढून ठेवते. फेब्रुवारीपासून. तरी हा आहेच, आणि वाढतोय."

मला इतका राग आला की कानशिलं तापली. इतकी मेहनत, इतके दिवस, आणि ही काढून ठेवते. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "तू लहानपणी चित्र काढून आणायचीस. घोडा आहे का कुत्रा, असं मी कधी विचारलं का तुला?"

मी खाली आले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तरी काचा पुसत बसले.

१७ एप्रिल

रागातच झोप लागली आणि सकाळी जाग आली ती एका प्रश्नाने. ती चष्मा घालत नाही. मग चष्म्याचा वण वाढतो कसा?

इतकं साधं. माझ्या डोळ्यांदेखत डबी फ्रिजवर पडलेली असायची, आणि मी तिला सवय नाही म्हणून रागवत होते.

दुकान उघडायच्या आधी ताईला तपासायच्या खुर्चीत बसवलं. डोकं न हलवता माझ्या बोटाकडे बघ म्हटलं. बोट डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. डावा डोळा बोटाबरोबर आला. उजवा वाटेत थांबला. मी पुन्हा केलं. पुन्हा तिथेच थांबला.

मग तिने सांगितलं की पुष्कळ दिवसांपासून तिला एकाचे दोन दिसतात. शर्यतीत तिने बरोबरीत आणलेल्या मुलींपैकी कोण खरी आणि कोण कुणाची सावली, ते तिला कळलंच नव्हतं. म्हातारपण असं समजून ती गप्प बसली. आणि मी, जी दिवसभर लोकांना 'आता एक दिसतंय का दोन' विचारते, मी तिला ते एकदाही विचारलं नाही. मला नाकच दिसत होतं.

२१ एप्रिल

कातडीच्या डॉक्टरीणबाई माझ्या लेकीपेक्षा चार-सहा वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी दिवा बाजूने धरला, दोन बोटांनी ताईची कातडी ताणली आणि तशाच थांबल्या. मला जवळ बोलावून दाखवलं. कातडी ताणल्यावर डागाची कड उमटली. मी इतके दिवस वाटाण्याएवढा समजत होते, तो खालच्या पापणीपर्यंत गेलेला होता. फिकट, मेणचट, त्यावर केसाहून बारीक लाल रेषा.

त्यांनी विचारलं, हे कशाचं? मी म्हटलं, वण आहे, चष्म्याचा. माझा आवाज मलाच पोकळ वाटला.

"इथे जखम कधी झाली होती?" त्यांनी ताईला विचारलं. कापलं, भाजलं, फोड येऊन गेला? ताईने खूप आठवून बघितलं. तिला तिच्या सगळ्या जखमा पाठ आहेत. नाही म्हणाली.

"जखम नसताना वण आला असेल, तर तो वण नसतो."

कातडीचा हा कॅन्सर सगळ्यात जास्त आढळणारा, असं त्या म्हणाल्या. बहुतेकदा मोत्यासारखी चमकणारी गाठ असते, मध्ये खपली. सावळ्या कातडीवर तो पुष्कळदा काळा असतो, लोक तीळ समजून बसतात. कधी लाल पापुद्रे सुटणारा चट्टा असतो, त्याला वर्षानुवर्षं इसबाचं मलम लागतं. आणि क्वचित असा, वणाचं सोंग घेतलेला. वर उगवत नाही, त्यामुळे नजरेत भरत नाही. आत आणि आजूबाजूला मुळं टाकत जातो. मी म्हटलं, पण काळा नाही, रक्त नाही, दुखत नाही. त्या म्हणाल्या, म्हणून तर राहतो.

तुकडा काढून तपासायला पाठवला. त्या टाका घालत असताना ताई त्यांना विचारत होती, तुम्ही शाळेत कुठला खेळ खेळायचात. त्या म्हणाल्या, कुठलाच नाही, मी पोटदुखीची चिठ्ठी आणायचे. ताई म्हणाली, माझ्याकडे चालली नसती.

३० एप्रिल

तोच आहे. कागदावर त्याचं लांबलचक नाव आहे, मी ते इथे लिहिणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी धीर दिला. हा सहसा अंगभर पसरत नाही, जीव घेत नाही. घरी येईपर्यंत मी तेवढंच घोळवत होते, जीव घेत नाही, जीव घेत नाही. लेकीला फोनवर तेच सांगितलं. ती म्हणाली, आई, मग तू रडतेस का?

ताईने वाटेत पाव घेतला, ताजा आहे का म्हणून दाबून बघितला, शिळा निघाला तर त्या बेकरीवाल्याशी वाद घातला. मला वाटलं, तिला काही वाटलेलंच नाही.

९ मे

स्कॅनची चित्रं मोठ्या डॉक्टरांनी पाटीसारख्या पडद्यावर लावली. शस्त्रक्रिया ते करणार. हळू बोलणारा माणूस. त्यांनी पेनाने दाखवलं. हे नाकाचं हाड, ही डोळ्याची खोबण, आणि हे खोबणीत शिरलेलं. डोळा हलवणाऱ्या स्नायूपर्यंत.

डोळा काढावा लागेल. नुसता डोळ्याचा गोळा नाही, खोबणीतलं सगळं, पापण्यांसकट. नाही काढला तर किरणं आहेत, गोळ्या आहेत. त्याने रोग काही काळ थोपवता येईल, पण पुढे तो मेंदूच्या बाजूला सरकणार नाही, याची हमी नाही.

मी विचारलं, जानेवारीत आणलं असतं तर? त्यांनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाले, जानेवारीत काय होतं हे मला ठाऊक नाही, त्यामुळे मी त्यावर बोलणार नाही. मला वाटतं मला त्यांनी रागवायला हवं होतं.

ताईने विचार करायला वेळ मागितला.

११ मे

लेक आली. मावशीला मिठी मारून उभी राहिली, बराच वेळ. ताई तिच्या पाठीवर थोपटत म्हणाली, पोरी, तुझी पाठ वाकलीय, सरळ उभी राहा.

१२ मे

दोन दिवस मी तिच्या मागे होते. दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात दाखवू. गोळ्या आधी करून बघू. रात्रीतून कुणी नवं औषध शोधून काढेल, असंही बोलून गेले. ती पालेभाजी निवडत ऐकत होती. मग जुडी बाजूला ठेवून म्हणाली, काढू दे.

मी म्हटलं, ताई, डोळा आहे. ती म्हणाली, तुझं लांब नाक एका डोळ्याने दिसतंच की, दोन कशाला वाया घालवू. लेक हसली, मीही हसले. ताई हात धुवायला आत गेली. नळ कितीतरी वेळ चालू होता. पाणी वाया घालवलेलं तिला एरवी खपत नाही, आणि मी बाहेर लेकीला म्हणत होते, बघ, मावशी किती धीराची आहे.

१९ मे

उद्या. आज तिने घरभर फिरून सगळं बघितलं. भिंतीवरचा आईचा फोटो खाली काढून हातात धरला, खिडकीशी नेला. लेकीला अंगणात... आम्हाला अंगण नाही, दुकानासमोरच्या फुटपाथवर पळायला लावलं, नुसतं इथून तिथपर्यंत. लेक घरच्या सपाता घालून पळाली. येणारेजाणारे बघत होते.

मला म्हणाली, समोर बस. बसले. बघत राहिली. मी म्हटलं, काय बघतेस? म्हणाली, कपाळावर केस पिकले तुझे.

२० मे

सकाळी आत नेलं, दुपार टळल्यावर बाहेर आणलं. थोडं थोडं काढून लगेच तपासत होते, कड स्वच्छ लागेपर्यंत. मोठे डॉक्टर म्हणाले, कड स्वच्छ आहे. रोग राहिलेला नाही.

अर्धा चेहरा पट्टीत. गुंगीत तिने माझा हात चाचपला आणि विचारलं, डबा खाल्लास का? मी पहिलीतली आहे असं तिला वाटत होतं. हो म्हटलं.

४ जून

पट्टी बदलायची मला शिकवलीय. पहिल्या दिवशी परिचारिकेने केलं, मी बघितलं. दुसऱ्या दिवशी मी चिकटपट्टी दोनदा वाकडी लावली. ताई म्हणाली, चष्मा समज. आता सरळ बसते. मांडीवरची कातडी काढून तिथे लावलीय. गुलाबी, नवी, रुजतेय. या वणाला जखम आहे.

मी तिथे बघते तेव्हा ती डाव्या डोळ्याने माझ्या तोंडाकडे बघत असते. माझ्या तोंडावर काय दिसतं यावरून ती आपलं कसं आहे ते ठरवत असावी. आरसा तिने अजून मागितलेला नाही.

१० जून

दुकानात मी आता सगळ्यांच्या नाकांकडे बघते. आज एका शाळेच्या कारकुनाच्या नाकावर पांढरट रेघ दिसली आणि माझ्या हातातली फ्रेम खाली ठेवली गेली. विचारलं, इथे जखम झाली होती का? तो दचकला. म्हणाला, मांजराने ओरबाडलं होतं, लहानपणी, मी त्याचं दूध पीत होतो. इतकी निवांत झाले की त्याच्याकडून मांजराचं नावही विचारून घेतलं.

१५ जून

उजवीकडचं तिला दिसत नाही. दाराच्या चौकटीला खांदा लागतो, माणूस त्या बाजूने आला की दचकते. मी सगळं तिच्या डाव्या हाताला आणून ठेवलंय. खुर्ची, पाण्याचा पेला, चपला. सतरंजी गुंडाळून ठेवली. टेबलाच्या कोपऱ्यांना जुन्या चष्म्यांच्या डब्यांतला मऊ कपडा बांधला. लेक म्हणाली, आई, मावशीला हे विचारलंस का? विचारायचं काय त्यात.

जिना उतरताना मी एक पायरी पुढे चालते. ती म्हणते, मला रस्ता दिसत नाही, तुझी पाठ दिसते. ही तिची मस्करी असावी.

२३ जून

तिने आज आरसा बघितला. मला न सांगता, न्हाणीघरात, दार लावून. बाहेर आली तेव्हा केस विंचरलेले होते. भांग दुसऱ्या बाजूला पाडला होता.

 मी चहा ठेवायला उठले तर म्हणाली, मी करते. किटली घेऊन टेबलाशी आली. एका डोळ्याने अंतर कळत नाही, हे मला पुस्तकातून पाठ आहे. किटलीची तोटी कपाच्या अलीकडेच वाकली. धार पडणार त्याच्या आत मी बोटाने कप तोटीखाली सरकवला. धार बरोबर कपात. दुसरा कपही मी तसाच भरून घेतला. मला वाटलं, तिच्या लक्षात आलं नाही.

तिने किटली खाली ठेवली.

"कप तू सरकवतेस."

मी म्हटलं, भाजेल गं तुला.

"भाजू दे. सांडतंय कुठे ते दिसलं नाही, तर हाताला कळणार कसं? मी पोरींना कधी रेषा जवळ आणून दिली नाही, बारके."

आवाज चढलेला नव्हता. पण डाव्या डोळ्यात पाणी होतं, आणि चेहऱ्याची दुसरी बाजू कोरडी. मी तिला रडताना पाहिलं, ते आयुष्यात पहिल्यांदा.  माझ्या हातांना काहीतरी हवं होतं, सरळ करायला, वाकवायला, घट्ट करायला.

२४ जून

सकाळी तिने पुन्हा चहा केला. मी टेबलाशी बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. एकात एक अडकवून ठेवले.

तोटी वाकली. धार कपाच्या पुढे पडली, टेबलावर पसरली. ती थांबली, तोटी मागे घेतली, पुन्हा वाकवली. आता कपाच्या कानावर. पुन्हा. गरम चहा टेबलाच्या कडेपर्यंत आला आणि माझ्या मांडीवर ठिबकायला लागला. मी हलले नाही.